वरकस

एकतीस वर्षे मी मुलांना भूगोल शिकवला. नववीच्या वर्गात जमिनीच्या धुपीचा भाग यायचा तेव्हा फळ्यावर मी डोंगर काढायचो, डोंगरावर समपातळीच्या रेषा, रेषांवर आडवे चर, चरांच्या कडेला हिरव्या खडूने झाडे. सहामाहीला चार गुणांचा प्रश्न ठरलेला असायचा: जमिनीची धूप थांबविण्याचे उपाय लिहा. झाडे लावणे, बांधबंदिस्ती, उताराला आडवी नांगरट, चराईबंदी. चार उपाय, चार गुण. हा धडा मी सातव्यांदा शिकवला त्याच शैक्षणिक वर्षात, १९९४च्या जानेवारीत, आमच्या डोंगरावरची झाडे मी ठेकेदाराला उभी विकली.

हे लिहायला मला तीस वर्षे लागली, म्हणून आधीच सांगून टाकतो.

आमचे गाव सावित्रीच्या खोऱ्यात, महाडच्या खालच्या अंगाला. समोर नदी आणि तिची खाडी, मागे डोंगर. मोहल्ल्यात ऐंशी-पंच्याऐंशी उंबरे, त्यांतली निम्मी दारे वर्षभर कुलपात. मोहल्ल्याच्या वरच्या अंगाला, पऱ्याच्या काठाने, कातकऱ्यांची अकरा घरांची वाडी. तिच्याही वर आमची वरकस जमीन आणि सगळ्यांत वर जांभ्याचा सडा. मुंबईत वाढलेल्या आपल्या मुलांना वरकस हा शब्द ठाऊक नसेल. भाताची खाचरे सोडून उरलेली, डोंगरउताराची, हलक्या मातीची जमीन म्हणजे वरकस. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, मग जमलेच तर हरीक किंवा तीळ, आणि मग काही वर्षे तिला तशीच सोडून द्यायची. ती विसावा घेते, गवत येते, झुडपे येतात, पानांचे खत होते. सातबाऱ्यावर ही जमीन सगळ्यांत कमी किमतीची. अब्बा म्हणायचे, वरकस म्हणजे घरातला मुका भाऊ. काही मागत नाही म्हणून कुणी त्याला विचारत नाही.

ही जमीन माझ्या आजोबांनी घेतलेली. ते बोटीवर आगवाले होते. पंधरा-सोळा वर्षे इंजिनाच्या भट्टीत कोळसा ओढून जमवलेल्या पैशांतून त्यांनी गावी येऊन डोंगर विकत घेतला. लोक हसले असणार. पण ज्याने इतकी वर्षे पायाखाली फक्त पाणी आणि लोखंड पाहिले, त्याला मातीचे काय वाटत असेल ते हसणाऱ्यांना कळणार नाही. मला आठवतात ते सत्तरीच्या घरातले आजोबा. मृग लागायच्या आधीचे पंधरा दिवस ते डोंगरावरच असायचे. बरोबर वाडीतली चार-सहा माणसे, घरातली आम्ही पोरे. काम एकच: गडगे दुरुस्त करायचे. उताराला आडवे, कमरेएवढे, सुक्या दगडांचे गडगे. मातीने किंवा चुन्याने सांधलेले नव्हेत, नुसते दगडावर दगड. मी एकदा दोन दगडांमधली फट लहान दगडाने बुजवायला गेलो तर त्यांनी माझ्या हातातून दगड काढून घेतला. म्हणाले, "पाण्याला जायला वाट ठेव. माती थांबव, पाणी थांबवू नको. पाणी अडवलंस तर ते भिंत घेऊन जाईल."

शाळेच्या पुस्तकात मला हे वाक्य कधी सापडले नाही. सापडायला हवे होते.

गडग्याच्या वरच्या अंगाला दरवर्षी बोटभर माती साठे. काही वर्षांनी तिथे एक अरुंद, जवळजवळ सपाट पट्टी तयार होई, तिच्यात नाचणीची रोपे लागत. आमच्या उतारावर असे सतरा गडगे होते, मी मोजलेले. सड्याच्या कडेला, जिथे चढ सगळ्यांत उभा, तिथे मात्र आजोबांनी काही केले नाही. तिथे ऐन, किंजळ, खैर, जांभूळ आणि खाली करवंदाच्या जाळ्या. राबासाठी कवळ तोडायचे तेही खालच्या झाडांचे. "वरचं डोकं आहे, डोक्याला हात लावायचा नाही," असा त्यांचा हुकूम.

आजोबा वारले १९७४ साली. त्याच सुमारास आखाताची दारे उघडली. कोकणातल्या मुसलमानांच्या घरांत त्या दहा वर्षांत काय झाले ते आपल्या वाचकांना मी काय सांगावे! कौले जाऊन स्लॅब आले, दारात लोखंडी फाटके आली, आणि नाचणीची भाकर पाहुण्यांपुढे ठेवायची लाज वाटू लागली. याला मी वाईट म्हणणार नाही. डोंगरावर नाचणी पिकवणे म्हणजे बायकांच्या कमरेचे हाल होते, माझ्या आईला विचारा. पण एक गोष्ट आमच्या कुणाच्या ध्यानात आली नाही. नाचणी बंद झाली त्याबरोबर गडगेही बंद झाले. माणसाने एकदा बांधून ठेवलेला डोंगर पुन्हा आपला आपण रानटी होत नाही. त्याला दरवर्षी हात लागावा लागतो. एका पावसात गडग्याचा एक दगड निसटतो, त्या भोकातून पुढच्या वर्षी पाण्याची धार धरते, धारेची घळ होते. जमीन कुणी खराब केली नाही, आम्ही फक्त तिच्याकडे जायचे सोडले. सतरापैकी सहा गडगे १९९० पर्यंत मोडले होते.

मग १९९४. धाकट्या भावाला कुवेतचा व्हिसा लागला होता आणि एजंटाला पैसे द्यायचे होते. अब्बांना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. जमिनीचे सगळे मीच बघत होतो. ठेकेदार आला, डोंगर फिरला, म्हणाला, खालची झाडे पोसलेली नाहीत, माल वर आहे. अडतीस हजार रुपये. माझा तेव्हाचा महिन्याचा पगार किती होता ते आठवले की ती रक्कम अजून मोठी वाटते. खैर कातासाठी गेला, ऐन आणि किंजळ गिरणीवर, फांद्याफाट्यांचा कोळसा पाडला. वीस दिवसांत डोके भादरून झाले. अब्बा ओसरीवर बसून होते. त्यांची वाचा गेली होती, पण कान शाबूत होते. कुऱ्हाडीचा आवाज आला की ते माझ्याकडे बघत. मी शाळेची वेळ झाली म्हणून निघून जाई.

पहिल्या पावसात काही झाले नाही. दुसऱ्यात नाही. पाचव्यातही नाही. मला हायसे वाटले. आता कळते की फसगत तिथेच असते. झाड तोडले की मूळ त्याच दिवशी मरत नाही. खोड गेले तरी जमिनीखालचे जाळे काही वर्षे माती धरून ठेवते. मग ते कुजू लागते. बारीक मुळे आधी, जाड मुळे नंतर. जिथे मूळ होते तिथे पोकळ नळी उरते आणि त्या नळीतून पावसाचे पाणी सरळ खोलवर जाते. म्हणजे जे धरून ठेवत होते तेच आता पाण्याला वाट दाखवते. नवी झाडे उगवून त्यांची मुळे पोसेपर्यंत मधली काही वर्षे डोंगर सगळ्यांत कमजोर असतो. झाडे विकणारा माणूस तोवर विसरून गेलेला असतो, किंवा निवृत्त झालेला.

मी विसरलो नाही, उलट भर घातली. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, आणि कोकणात वरकस जमिनींवर आंबा-काजूची लाट आली. योजना वाईट नव्हती. कित्येक कुणब्यांची घरे तिने उभी केली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. खड्डे हाताने खणले, मधले गवत राहू दिले, प्रत्येक कलमाच्या खालच्या बाजूला दगडांची अर्धी कडी केली, तर काजू डोंगराला त्रास देत नाही. आम्ही तसे केले नाही. योजना सरकारी, तिच्या कागदपत्रांना कंटाळून २००३ साली भावाने कुवेतहून पैसे पाठवले आणि म्हणाला, "भाई, जेसीबी लावा. चार दिवसांत काम." चार नाही, नऊ दिवस लागले. यंत्राने उताराला जिन्यासारख्या पायऱ्या पाडल्या. उरलेले गडगे त्यात पुरले गेले. पायरीची उभी बाजू म्हणजे नुसती कापलेली लाल माती, तिला दगडाचा आधार नाही, गवताचे पाते नाही. यंत्र वर जावे म्हणून नागमोडी रस्ता केला, त्याला गटार नाही. पाऊस पडला की तो रस्ताच पऱ्या होई. गावातले लोक बघायला येत. काय देखणे दिसतेय, म्हणत. मलाही दिसत होते.

२५ जुलै २००५. ही तारीख आमच्याकडे कुणाला सांगावी लागत नाही. मुंबई बुडाली ती दुसऱ्या दिवशी, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. देशाला ती तारीख आठवते. महाड तालुक्यात डोंगर आदल्या संध्याकाळपासून सुटले होते. दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते. जवळजवळ दोनशे माणसे गेली. वीज नव्हती, फोन नव्हता. आम्हाला कळले तेव्हा आमच्या मोहल्ल्यातली पोरे चादरी आणि भाकऱ्या घेऊन चिखलातून दासगावकडे चालत गेली. मी गेलो नाही, कारण आमच्याच दारात चिखल होता.

त्या रात्री आमच्या पायऱ्या फुटल्या. वरची फुटली ती दुसरीवर, दुसरी तिसरीवर. डोंगर कोसळला असे म्हणता येणार नाही, अल्लाहने तेवढे राखले. पण लाल चिखलाचा लोंढा पऱ्यात उतरला, पऱ्या तुंबला आणि सगळे वाडीत शिरले. माणूस गेले नाही. तीन झोपड्या, दोन शेळ्या, साठवणीचे भात. वाडीची विहीर तोंडापर्यंत मातीने भरली. खालची भाताची चार खाचरे, त्यांतली दोन आमचीच, गुडघाभर रेतीमातीखाली गेली. त्या मातीत मला काजूची कलमे दिसली, अजून पिशवीसकट.

पंचनाम्याला तलाठी आले. विचारले, कशाने झाले? सगळे म्हणाले, अतिवृष्टी. मीही म्हणालो. जुम्म्याला मौलानांनी आस्मानी आफतीवर बयान केले. मी पहिल्या सफेत बसलो होतो. त्यांचे काही चुकले नव्हते, पाऊस खरेच तसा पडला होता. पण आमच्या डोंगरावर जे झाले त्यातले आस्मानी किती आणि माझे किती, हे त्या मशिदीत मला एकट्याला माहीत होते. एकट्याला नाही. आठ दिवसांनी वाडीतले म्हातारे बाबा ओसरीवर आले. आजोबांबरोबर गडगे रचणाऱ्यांपैकी तेवढे एकच उरले होते. आमच्या घरात त्यांना लहान पोरेसुद्धा अरे-तुरे करीत, मीही करीत आलो होतो. ते खाली बसले, विडी काढली, पेटवली नाही. म्हणाले, "गुरुजी, सतरा गडगं होतं. एक तरी ठेवायचा होतात."

बस, एवढेच बोलले आणि भरपाईच्या फॉर्मवर सही कुठे करायची ते विचारून गेले. त्यानंतर मला त्यांना एकेरी हाक मारवली नाही.

२००६च्या उन्हाळ्यात मी कामाला लागलो. लागलो म्हणजे फळ्यावरचे डोंगरावर न्यायला निघालो: सलग समपातळी चर! उतारभर चर खणायचे, पाणी अडवायचे, जिरवायचे. सुदैवाने माझा एक जुना विद्यार्थी दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकून शेती खात्यात लागला होता. तो भेटायला आला, आखणी पाहिली आणि संकोचून म्हणाला, "सर, वर नका खणू." मग त्याने मला समजावले ते मी एकोणीस वर्षे शिकवूनही शिकलो नव्हतो. माती वाहून जाणे आणि दरड कोसळणे हे दोन वेगळे रोग आहेत. पहिल्यात पाणी वरून वाहते आणि मातीचा थर खरवडून नेते, तिथे पाणी अडवणे, जिरवणे हा इलाज. दुसऱ्यात पाणी आत शिरते. खाली न पाझरणारा खडक, वर मातीचा जाड थर, त्या दोहोंमध्ये पाणी साठले की माती जड होते, तिची पकड सुटते आणि सगळा थर एकदम घसरतो. तिथे चर खणून पाणी जिरवणे म्हणजे रोग्याला उलटे औषध. उभ्या डोक्यावर पाणी साठू द्यायचे नाही, त्याला बाजूने सुरक्षित वाट काढून द्यायची. चर खणायचे ते खालच्या, कमी चढाच्या अंगाला.

पाण्याला जायला वाट ठेव. आगवाल्या माणसाला हे कुणी सांगितले होते कोण जाणे.

पुढची सात-आठ वर्षे दर उन्हाळ्यात वाडीतली माणसे आणि मी मिळून गडगे पुन्हा रचत गेलो. मजुरी मी दिली, आणि हे पुण्यकर्म नव्हते, देणे होते. गडग्यांच्या पायथ्याला वाळा लावला. वाळ्याचे मूळ सरळ खाली जाते, पसरत नाही, मातीत खिळे ठोकल्यासारखे. पऱ्याच्या काठाला बांबू आणि निर्गुडी. यंत्राच्या रस्त्याला दगडी गटार काढून पाणी पलीकडच्या कातळावर सोडले. डोक्यावर ऐन आणि किंजळीच्या बुंध्यांना फुटवे आलेच होते, त्यांना फक्त शेळ्यांपासून राखले. जांभळे आम्हाला लावावी लागली नाहीत, पाखरांनी लावली. सतरापैकी अकरा गडगे उभे राहिले. काजू काही जगला, वर्षाला पाच-सहा हजारांचे बी देतो. पण गेलेली माती गेली. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात, हे मी मुलांना परीक्षेपुरते पाठ करायला लावायचो. ती आता खाडीत आहे. १९२७च्या डिसेंबरात डॉ. आंबेडकर महाडच्या परिषदेला आले ते दासगावच्या बंदरात उतरून, आता तिथे बोट लागण्याची गोष्ट मुलांना खोटी वाटते. २०२१च्या पुरानंतर सावित्रीतला गाळ उपसायला यंत्रे लागली तेव्हा काठावर रचलेले ढीग बघून मी एसटीतून तोंड फिरवले. त्यातले चार घमेले तरी आमच्या घरचे असणार.

ते वर्ष सांगायचे राहिले. २२ जुलै २०२१. महाबळेश्वरला, जिथे सावित्री उगम पावते, २४ तासांत ५९४ मिलिमीटर. महाड पाण्याखाली. त्या दिवशी सकाळी मी छत्री घेऊन सड्यावर गेलो, २००५ पासूनची माझी सवय. सड्याच्या कडेपासून पंधरा पावलांवर जमिनीला भेग होती. हात आत जाईल एवढी, चाळीस पावले लांब. खाली येऊन पाहिले तर एरवी निवळ वाहणारा झरा गढूळ झालेला. या दोन खुणा एकत्र दिसल्या की थांबायचे नाही, हे मला त्या विद्यार्थ्याने सांगून ठेवले होते.

वाडी हलायला तयार नव्हती. भात आवणीला आलेले, कोंबड्या, शेळ्या, आणि पावसात कुणाच्या दारात जाऊन राहायचे? म्हातारे बाबा तोवर वारले होते. त्यांच्या सुनेने मला सरळ विचारले, "गुरुजी, तुमच्या मोहल्ल्यात आमाला घेतील?" मला उत्तर माहीत नव्हते. मी जमातीच्या सदरांकडे गेलो. मदरशाचा हॉल उघडायचा म्हणजे दोन-चार जणांना विचारावे लागते, एरवी अशा गोष्टीची बैठक महिनाभर चालते. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि दिली. मी कधीकधी आपल्या जमातींवर टीका केली आहे, याच वार्षिकांच्या पानांतून. म्हणून ही किल्लीही इथे नोंदवतो.

दुपारी चारपर्यंत सगळी वाडी हॉलमध्ये आली, शेळ्यांसकट. संध्याकाळी डोंगराचे डोके सुटले. पूर्ण नाही, भेगेच्या एका टोकाचा लचका. वरचे तीन गडगे गेले, चौथ्यावर बरेचसे अडले, उरलेले पऱ्याने खाली आले आणि वरची दोन घरे गाडून थांबले. रिकामी घरे. त्याच संध्याकाळी याच तालुक्यात तळिये गेले. ऐंशीहून अधिक माणसे. ती बातमी दुसऱ्या दिवशी कळली तेव्हा हॉलमध्ये कुणी बोलले नाही. वाडीतल्या बायका आणि आमच्या बायका एकाच पातेल्यातला चहा ओतत होत्या.

आमचे गडगे होते म्हणून वाडी वाचली, असे मी म्हणू धजत नाही. तळियेत काय कमी-जास्त होते ते मला ठाऊक नाही. माळीणला ३० जुलै २०१४ला दीडशेहून अधिक माणसे गेली तेव्हा उतारावरच्या यंत्राने केलेल्या सपाटीकरणाकडे बोट दाखवले गेले, त्यावर वादही झाले. इर्शाळवाडीला तर जायला धड वाट नव्हती, तिथे कुठले यंत्र पोचणार? १९ जुलै २०२३च्या रात्री तीही गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि शोध थांबवला. दरडींच्या धोक्याच्या यादीत तिचे नाव नव्हते. आमच्या वाडीचेही नाही. पुढच्या वर्षी ३० जुलैला केरळात वायनाडला दोनशेहून अधिक माणसे गेली. माझ्या मुलाने फोनवर तिथल्या कबरींचे फोटो दाखवले, नावांऐवजी नंबर लिहिलेले. पश्चिम घाटावर गाडगीळ समितीचा अहवाल २०११चा, कस्तुरीरंगन यांचा २०१३चा. त्यांवर अधिसूचनेचे मसुदे निघत राहिले, सहावा निघाला तो वायनाडच्या दुसऱ्या दिवशी. दिल्लीत काय व्हायचे ते होवो. काही डोंगर माणसाने काहीही केले नाही तरी सुटतात. म्हणूनच त्यांच्या खाली माणसे ठेवायची नसतात.

आता खरी गोष्ट. भेग अजून आहे. त्या हिवाळ्यात मातीने बुजवून, चोपून, वर पाणी मुरू नये म्हणून पन्हळ काढली आहे, पण ती आहे. वाडी हलवायला हवी. सरकारी जागा मागितली, अर्ज फिरतो आहे. गावात रस्त्याकाठी, डोंगरापासून लांब, सपाट अशी जमीन म्हणजे आमचाच वीस गुंठ्यांचा तुकडा. तिथे अकरा घरे बसतात. तो द्यायचा असे मी ठरवले. मी ठरवून काय होते? सातबाऱ्यावर एकोणीस नावे आहेत. आजोबांचे चार मुलगे, दोन मुली, त्यांची मुले-मुली. निम्मी मुंब्र्यात आणि मीरा रोडला, तिघे आखातात, एक पुतणी टोरांटोला. आणि आता महामार्ग रुंद झाल्यापासून रस्त्याकाठच्या गुंठ्याला फार्महाऊसवाले जो भाव देतात तो ऐकून भावाची झोप उडाली आहे. त्याचेही खोटे नाही. पंचवीस वर्षे त्याने वाळवंटात काढली, परत आला तो मधुमेह घेऊन. "भाई," तो म्हणाला, "झाडं माझ्यासाठी विकलीत, कबूल. पण तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. मला विचारून विकली होतीत का?"

नव्हती विचारून.

पहिली सही फुफीने केली. त्या नव्वदीच्या. त्यांचा हिस्सा १९७४ पासून आमच्याच ताब्यात. आम्ही मिरास वाटताना शरियतचे नाव घेतो आणि बहिणींना द्यायची वेळ आली की रिवाजाचे. नाचणी, काजू, झाडांचे अडतीस हजार, कशातलाही पैसा त्यांना गेला नाही, त्यांनी मागितलाही नाही. मी कागद घेऊन मुंब्र्याला गेलो, लाजत सगळे सांगितले. आपल्यात ज्याला हिबा म्हणतात त्याला कचेरीत बक्षीसपत्र म्हणतात, वगैरे. त्यांनी मधेच थांबवले. "माझा हिस्सा आहे म्हणजे त्यात?" मी म्हटले, आहे. "मला वाटलं कधीच बुडाला." मग म्हणाल्या, "आण. पहिल्यांदा कुणीतरी माझी सही मागितली." सही येत होती त्यांना, हळूहळू, उर्दूत, पूर्ण नाव. वकिलाने नंतर अंगठाही घ्यायला लावला. त्यांच्या दोन्ही मुलींनी लगेच विचारले की गुंठ्याला भाव काय चाललाय. फुफींनी त्यांच्याकडे बघितले, त्या गप्प झाल्या. पण त्यांचा प्रश्न योग्यच होता, आणि त्याचे उत्तर म्हणून बाकीच्या जमिनीत बहिणींचे हिस्से आता वेगळे मोजून द्यायचे असे मी लिहून दिले आहे. भावाला ते आवडलेले नाही.

हे लिहीपर्यंत तेरा सह्या झाल्या आहेत. भावाची झालेली नाही. यंदा मृगाच्या आधी आम्ही गडग्यांवर होतो तेव्हा तो न सांगता वर आला. सावलीत बसून राहिला, मग उठून त्याने चौथ्या गडग्याचा, २०२१ला ज्याने माती अडवली त्याचा, एक निखळलेला दगड बसवला. फट राहिली होती ती लहान दगडाने बुजवायला निघाला. मी म्हटले, तेवढी राहू दे. का, म्हणाला. मी सांगितले. त्याला आजोबा आठवत नाहीत, तो त्यांच्या वेळी दोन वर्षांचा होता.

सहीबद्दल तो काही बोलला नाही, मीही काढले नाही. रात्री दोह्याहून पुतण्याचा फोन आला, वीस गुंठ्यांत त्याच्या नावावर नेमके किती येतात ते विचारायला. मी हिशोब करून सांगितले. म्हटले, सही करण्याआधी एकदा येऊन बघून जा. डिसेंबरात सुट्टी मिळतेय का बघतो, म्हणाला. कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेवले आहेत, पावसाळ्यात खालच्या खणात ओल येते. वाडीतल्या पोरांना सांगून ठेवले आहे, झरा गढूळ दिसला की मला उठवायचे, कितीही वाजलेले असोत. मदरशाची एक किल्ली आता त्यांच्याकडेही असते.